तळघरातील ओल : आधी पाणी कुठले ते ओळखावे

पावसाळ्यात आलेल्या पत्रांपैकी तळघरांविषयीची आणि जमिनीत गेलेल्या खोल्यांविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रलेखकांना एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे भिंतीवर लावायच्या रसायनाचे नाव. ते सांगण्याआधी मला प्रत्येकाला उलट विचारावे लागते की, पाणी नेमके कुठून येते. वरून वाहत येणारे पावसाचे पाणी, जमिनीत मुरून साठलेले पाणी, नळाचे किंवा टाकीचे गळणारे पाणी आणि हवेतील बाष्प या चारही गोष्टी भिंतीवर जवळपास सारखाच डाग पाडतात. मात्र त्यांवरचे उपाय एकमेकांच्या कामी येत नाहीत.

प्रश्न : बावधन परिसरात उतारावर आमचा बंगला असून तळघरात चित्रपट पाहण्याची खोली केली आहे. दर वर्षी जुलैच्या मध्यापासून भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून पाणी झिरपू लागते आणि पाऊस उघडला तरी पुढे कित्येक दिवस ते थांबत नाही. आतून तीन वेळा वॉटरप्रूफ रंग लावून घेतला, परंतु प्रत्येक वेळी त्याचे पापुद्रे निघाले. आता नवा कंत्राटदार अधिक महागड्या रसायनाची दहा वर्षांची हमी देत आहे. ती घ्यावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हमीचा कागद तूर्त बाजूला ठेवावा. आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे पाणी पावसाबरोबर सुरू होत नाही आणि पावसाबरोबर थांबतही नाही. पहिल्या जोरदार सरीनंतर तासाभरात पाणी आत आले असते, तर पन्हाळी, गच्चीचे पाइप किंवा अंगणाचा उलटा उतार यांकडे बोट दाखवता आले असते. आपल्याकडे ते जमीन पुरती भिजल्यावर येते आणि रेंगाळते, म्हणजे तळघराच्या भिंतीबाहेर पाणी साठून राहते आहे.

पुण्याच्या पश्चिमेकडील टेकड्यांवर असे का होते, हे समजून घ्यायला हवे. वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट अशी तिथली रचना असते. तळघरासाठी कठीण खडकात खड्डा खोदला जातो, त्यात भिंती उभ्या राहतात आणि भिंत व खडक यांमधली मोकळी जागा पुढे भरून काढली जाते. ही भर अनेकदा विटांचे तुकडे, राडारोडा आणि उरलेला मुरूम यांची असते. खडकातून पाणी सहज पुढे जात नाही, पण या सैल भरावात ते बिनदिक्कत उतरते. म्हणजे मालकाने पैसे मोजून स्वतःच्या घराभोवती विहीर खोदून घेतलेली असते आणि तिच्या मधोमध ती खोली असते.

साठलेल्या पाण्याची उंची एक मीटर असेल, तर तळाशी भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब येतो. हा दाब बाहेरून आत येतो, तर रंग आतल्या बाजूला असतो. त्यामुळे पाणी रंगाला भिंतीवर दाबून धरत नाही, उलट भिंतीपासून सोलून काढते. रंग कितीही उत्तम असला तरी त्याची पकड अखेर प्लॅस्टरवर असते आणि भिजलेले प्लॅस्टरच सुटू लागले की त्याचा इलाज उरत नाही. आपण लावलेले तिन्ही रंग वाईट होते असे मला वाटत नाही, ती त्यांची जागा नव्हती.

कामाचा क्रम वरून खाली आणि बाहेरून आत असा ठेवावा. सर्वप्रथम गच्चीचे पाणी कुठे जाते ते पाहावे. 100 चौरस मीटर गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 5,000 लिटर पाणी खाली येते, आणि ते जर भिंतीलगतच्या भरावात सुटत असेल, तर बाकीचे सारे उपाय फोल आहेत. हे पाइप बंद नळीने प्लॉटच्या खालच्या अंगाला न्यावेत. घराभोवतीच्या पहिल्या तीन मीटरमध्ये जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, मीटरमागे 5 सेंटिमीटर इतका तरी. टेकडीच्या बाजूने आडवी चर काढून वरून येणारे पाणी बंगल्याला वळसा घालून जाईल असे करावे. आणखी एक चूक अलीकडे फार दिसते : पर्जन्यजल पुनर्भरणाचा खड्डा जागेअभावी तळघराच्या भिंतीला लागूनच घेतलेला असतो. पुनर्भरण अवश्य करावे, पण घराच्या उताराखाली आणि भिंतीपासून शक्य तितके लांब.

त्यानंतर सांध्याकडे वळावे. तळाचा राफ्ट (म्हणजे सगळ्या तळाखालचा काँक्रीटचा सलग थर) आणि त्यावरील भिंत यांचे काँक्रीट वेगवेगळ्या दिवशी ओतले जाते. त्या सांध्यात वॉटरस्टॉपची, म्हणजे पाणी अडवणारी, पट्टी बसवलेली नसेल किंवा ती वाकडी बसली असेल, तर पाण्याला तिथेच वाट मिळते. फळ्या धरून ठेवणाऱ्या सळयांची भोके आणि काँक्रीट नीट न दाबल्यामुळे राहिलेल्या पोकळ्या, ज्यांना साइटवर हनीकोंब म्हणतात, याही अशाच जागा आहेत. इथे भिंतीत ठरावीक अंतरावर नॉझल बसवून दाबाने ग्राउटिंग करतात, म्हणजे पातळ भरण आत सोडतात. पोकळी भरण्यासाठी सिमेंटचे ग्राउट चालते. वाहत्या गळतीसाठी पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउट वापरतात, कारण ते पाण्याच्या संपर्कात येताच फुगते आणि वाट बंद करते. एक सांधा बंद झाल्यावर पाणी पुढची कमकुवत जागा शोधते, हे गृहीत धरून कंत्राटदाराची दुसरी फेरी करारातच लिहून घ्यावी आणि रकमेचा काही भाग एक पावसाळा पाहून मगच द्यावा. दहा वर्षांच्या हमीपेक्षा हे कलम मला अधिक भरवशाचे वाटते.

एवढे करूनही दाब उरला, तर त्याला वाट करून देणे शहाणपणाचे. तळघराच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात छोटा खड्डा घेऊन, भिंतीच्या कडेने त्याकडे जाणारी झाकलेली पन्हाळ करून, तरंगत्या स्विचवर चालणारा सबमर्सिबल पंप बसवावा. त्याच्या पाइपवर पाणी उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा आणि पंपाची जोडणी इन्व्हर्टरवर हवी, कारण पाऊस आणि वीज जाणे या गोष्टी आपल्याकडे जोडीनेच येतात. बाहेरून भराव उकरून भिंतीवर झिल्ली (पाणी न झिरपू देणारा पातळ पडदा) लावणे आणि तळाशी खडीत छिद्रांचा पाइप टाकणे हा सर्वांत खात्रीचा, पण सर्वांत खर्चिक मार्ग. तो निवडल्यास काम फेब्रुवारी ते मे या काळात करावे, संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली करावे आणि भिंतीची संपूर्ण लांबी एकदम उघडी पाडू नये.

हे सारे हाती घेण्याआधी रात्रभराची एक साधी चाचणी करावी. बंगल्याची पाण्याची भूमिगत टाकी तळघराच्या भिंतीला चिकटून असल्यास रात्री तिची आवक आणि वापर दोन्ही बंद करून पातळीवर खूण करावी व सकाळी पुन्हा पाहावे. पातळी उतरली असेल, तर काही पाणी टेकडीचे नसून टाकीचे आहे. अशा ठिकाणी एप्रिलमध्येही भिंतीचा तेवढाच तुकडा ओला राहतो.

प्रश्न : आमचे घर फोंड्याजवळ डोंगरउतारावर आहे आणि खालच्या मजल्याच्या तीन बाजू जमिनीत आहेत. तिथे मी कार्यालय थाटले आहे. हवा खेळती राहावी म्हणून पावसाळ्यात सकाळी सगळ्या खिडक्या उघडते, दुपारी वातानुकूलन चालू करते. तरीही फरशी घामेजते, कपाटामागे काळी बुरशी येते आणि कुबट वास जात नाही. भिंतीत पाणी मुरते आहे का? (एक वाचक, गोवा)

उत्तर : कदाचित मुरतही असेल, पण आपल्या वर्णनावरून हवेतील बाष्पाचा संशय अधिक येतो. त्याची खात्री करणे सोपे आहे. साधारण अर्धा मीटर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा कोरड्या पुसलेल्या भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर ते हवेतले पाणी. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले तर ते भिंतीतले पाणी. फरशीवरही हीच परीक्षा घ्यावी. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही आजार आहेत, आणि जांभ्याच्या बांधकामात तसे होऊ शकते, कारण जांभा सच्छिद्र असतो.

आता खिडक्यांविषयी. हवा खेळती ठेवावी हा सल्ला चुकीचा नाही, पण तो आतल्यापेक्षा बाहेरची हवा कोरडी असतानाच लागू पडतो. जुलैत बाहेर तापमान 28 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प पाणी होऊन सुटते ते, सुमारे 25 अंश असतो. आदल्या दुपारी वातानुकूलनामुळे 23 किंवा 24 अंशांपर्यंत गार झालेली आणि तीन बाजूंच्या मातीमुळे तशीच राहिलेली फरशी या हवेच्या संपर्कात आली की तिच्यावर पाणी सुटणारच. आपण सकाळी खिडक्या उघडून बाष्प आत घेता, दुपारी यंत्राला ते बाहेर काढायला लावता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करता. डोळ्यांना थेंब दिसले नाहीत तरी भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता दीर्घकाळ 80 टक्क्यांच्या वर राहिली, तर बुरशीला तेवढे पुरते. आणि कपाटामागे हवा हलत नसल्यामुळे ती तिथूनच सुरुवात करते.

जून ते सप्टेंबर या काळात या मजल्याच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि त्यांच्या फटी रबरी पट्टीने बुजवाव्यात. आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतले बाष्प काढून घेणारे यंत्र, चालवावा. एक आर्द्रतामापक भिंतीपाशी टांगून आकडा 60 टक्क्यांखाली राहील असे पाहावे. 50 च्या आसपास राहिला तर उत्तम. यंत्र घेताना ध्यानात ठेवावे की, दिवसाला इतके लिटर पाणी काढते असा जो आकडा खोक्यावर असतो, तो बहुधा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता गृहीत धरून दिलेला असतो. खोली जशी कोरडी होत जाईल तसे प्रत्यक्षातले पाणी त्याहून कमी निघेल आणि त्यात यंत्राचा दोष नसेल. टाकी रिकामी करण्याचा कंटाळा पुढे येतोच, म्हणून पाण्याची नळी थेट मोरीत सोडण्याची सोय असलेले यंत्र निवडावे. वातानुकूलन फार खाली नेऊ नये आणि ते बंद करताच खिडकी उघडू नये. कपाटे भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे ओढावीत. ओले कपडे या मजल्यावर वाळत घालू नयेत. एका मोठ्या धुण्यातले दोन-तीन लिटर पाणी सुकून कुठे जाते, याचा विचार घरात सहसा कोणी करत नाही.

बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये, तिचे बीजाणू खोलीभर पसरतात. नाकातोंडावर मास्क लावून ती साबणाच्या पाण्याने पुसावी, जागा लगेच कोरडी करावी आणि पुसायचे फडके टाकून द्यावे. डिसेंबरपासून हवा कोरडी झाली की खिडक्या खुशाल उघडाव्यात.

प्रश्न : वाईला आमचा जुना वाडा आहे. त्याचे तळघर दगडाचे आणि चुन्याचे आहे. दगडांवर पांढरा खार येतो आणि ओल वर चढते. गवंडी म्हणतो की सिमेंटचे प्लॅस्टर करून कंबरेपर्यंत टाइल्स लावल्या की प्रश्न मिटेल. (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : कृपया तसे करू नये. दगड-चुन्याची जाड भिंत जमिनीतली ओल शोषते आणि पृष्ठभागावरून ती हळूहळू हवेत सोडते. या देवाणघेवाणीवरच ती इतकी वर्षे टिकली आहे. सिमेंट आणि टाइल्स यांनी तोंड बंद केले की ओल संपत नाही, वाट मिळेपर्यंत वर चढते. आज तळघरात असलेला लोणा, म्हणजे हा पांढरा खार, काही वर्षांनी माजघराच्या भिंतीवर दिसेल आणि तिथे तुळयांची लाकडी टोके असतील, तर ती कुजतील किंवा त्यांना वाळवी लागेल.

ओल आत्ताच का वाढली, हे आधी शोधावे. माझा अंदाज वाड्याच्या चौकाकडे जातो. चौकात पूर्वी चिऱ्यांची फरसबंदी आणि पाणी बाहेर नेणारी दगडी मोरी असते. मागाहून कोणी तरी वर सिमेंटचा कोबा करतो, उतार बदलतो, मोरी बुजते आणि सारे पाणी पायाकडे वळते. तळघराचे झरोके रस्ता उंच झाल्यामुळे किंवा उंदरांच्या भीतीने बंद केलेले असतील, तर ते जाळी लावून मोकळे करावेत, मात्र रस्त्याचे पाणी त्यांतून आत येणार नाही इतका उंबरठा ठेवावा आणि भर पावसात ते झाकावेत. खार कोरड्या ब्रशने खरवडून सुपात गोळा करावा व बाहेर टाकावा. पाण्याने धुतल्यास तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. आधीचे सिमेंटचे प्लॅस्टर असेल तर ते सांभाळून काढावे, दगडांमधल्या फटी (दर्जा) चुन्यात भराव्यात आणि वरून फक्त चुन्याचा हात द्यावा. एवढी जाड भिंत वाळायला एक-दोन उन्हाळे जातात. तोपर्यंत गवंड्याला दूर ठेवणे हेच कठीण काम आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीमध्ये बेसमेंट असलेले घर घेतले आहे. तळाच्या खड्ड्यात (संपमध्ये) साठणारे पाणी बाहेर फेकणारा संप पंप आहे, तो चालतोही. भारतातून आई-बाबा आले की ते खालीच राहतील. आणखी काय पाहावे? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : चालतो म्हणजे केव्हा चालतो, हा खरा प्रश्न आहे. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप सुरू होतो आणि बंद होतो का, हे दर काही महिन्यांनी पाहावे. वादळात वीज गेली की पंपही जातो, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हवा. पाणी सोडणारा पाइप घरापासून दूर उताराकडे न्यावा आणि हिवाळ्यात त्याच्या तोंडाशी बर्फ साचून तो बंद होणार नाही असे पाहावे. छपराच्या पन्हाळी पानगळीनंतर साफ कराव्यात. तिथल्या निवासी बांधकामाच्या नमुना संहितेत घरालगतच्या पहिल्या 10 फुटांत जमीन 6 इंच उतरती असावी, असा नियम आहे. आपल्या फुलांच्या वाफ्यांनी तो उतार उलटा केलेला नाही ना, हे तपासावे.

फोंड्याच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्याला अधिकच लागू आहे, कारण तिथली जमीन आपल्या मातीपेक्षा बरीच थंड असते. जुलैच्या दमट दिवशी बेसमेंटच्या खिडक्या उघडणे टाळावे. फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरू नये.

आई-वडील तिथे झोपणार असतील, तर दोन गोष्टी ओलीपेक्षाही महत्त्वाच्या आहेत. रेडॉन हा रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू जमिनीतून बेसमेंटमध्ये येतो. त्याची चाचणी करावी आणि प्रमाण हवेच्या लिटरमागे 4 पिकोक्युरी किंवा त्याहून अधिक निघाल्यास तो बाहेर काढणारी यंत्रणा बसवावी. संपच्या खड्ड्यावर घट्ट झाकण हवे, कारण हा वायू तिथूनही येतो. दुसरे म्हणजे, थेट बाहेर पडता येईल अशी मोठी खिडकी किंवा दार खाली असल्याशिवाय तिथे कोणालाही झोपवू नये. 1 सप्टेंबर 2021 रोजी आयडा वादळाच्या पावसाने न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत जे मृत्यू झाले, त्यांत तळघरातील घरांत अडकलेली माणसेही होती. विम्याचा करारही वाचून घ्यावा. पुराचे आणि जमिनीतून झिरपलेले पाणी नेहमीच्या गृहविम्यात सहसा येत नाही आणि संप तुंबल्याची भरपाई वेगळी जोडून घ्यावी लागते.

प्रश्न : कोल्हापुरात नवे घर बांधत आहोत. वास्तुविशारद तळघर सुचवतात, वडिलांचा विरोध आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्लॉट पंचगंगेच्या पूररेषेत किंवा तिच्या आसपास असेल, तर वडिलांचे ऐकावे. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांचे पाणी शेजाऱ्यांच्या भिंतींवर कुठवर आले होते, हे विचारायला वेळ लागत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीतले खड्डे, हे जमिनीखाली कोरडे ठेवण्याचे आपल्या भागातले उत्तम उदाहरण. तिथल्या मातीच्या गुणामुळे हळद त्यांत वर्षानुवर्षे टिकत असे, परंतु 2005 च्या पुरात पाणी शिरल्याने त्यांतली कित्येक पेवे निकामी झाली. झिरपणाऱ्या पाण्याशी सामना करता येतो, पण पुराच्या पाण्यापुढे कोणतेही रसायन टिकत नाही.

प्लॉट उंचावर असेल, तर ऑगस्टमध्ये शेजारच्या विहिरीची पातळी पाहावी आणि खड्डा घेऊन माती तपासावी. काळी माती भिजली की फुगते व भिंतीला रेटते, म्हणून भिंतीमागे ती भरू नये. तिथे खडी आणि मुरूम असावा. तळाखाली व भिंतींच्या बाहेरून शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग (तळघराभोवती फरशीची पेटी करणे) किंवा झिल्ली यांपैकी जे नीट करणारा कारागीर मिळेल ते निवडावे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराचे छत भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान 0.9 मीटर वर हवे. ही उंची कमी करून पायऱ्या वाचवू नयेत, कारण त्याच उंचीत झरोके बसतात. तळघरात उतरणारा रस्ता असल्यास त्याच्या माथ्यावर उंचवटा आणि जाळीची आडवी गटार घ्यावी.

प्रश्न : तळघरात मिठाची पोती, चुनकळी किंवा बाजारात मिळणारे ओल शोषणारे डबे ठेवल्याने फरक पडतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बंद कपाटात किंवा ट्रंकेत डब्याचा उपयोग होतो. खोलीत होत नाही, कारण असा एक डबा अनेक आठवड्यांत अर्धा-पाऊण लिटर पाणी ओढतो आणि पावसाळ्यातील खोलीत तेवढे बाष्प एका उघड्या दारातून थोड्या वेळात येते. चुनकळी पाणी लागताच जोरात तापते आणि डोळ्यांना इजा करते, ती घरात ठेवूच नये. मीठ ओले होऊन फरशीवर उतरते व पुढे त्याच जागी खार फुटतो.